नऊचा शिफ्टर, दहाचा डिरेलर: गिअर-यंत्रणेतील सरमिसळीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सामान लादून लांबचा प्रवास करण्यासाठी घेतलेल्या एका सरळ हँडलच्या सायकलीचे आहे. ती मूळची ९-स्पीड, म्हणजे मागे नऊ दातेरी चकत्या असलेली होती. पुढे पेडलजवळ ४८-३६-२६ दात्यांच्या तीन चेनरिंग, मागे ११ ते ३२ दात्यांची नऊ चकत्यांची कॅसेट (चकत्यांचा संच), लांब पिंजऱ्याचा शिमानोचा माउंटन प्रकारचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा आणि खालच्या पिंजऱ्याने सैल चेन ताणून धरणारा भाग) आणि केबल ओढून तो हलवणारे, अंगठ्याने व तर्जनीने दाबायचे ९-स्पीड शिफ्टर अशी तिची जुळणी होती. मालकाची आणि मधल्या दोन दुरुस्तीवाल्यांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

काही हजार किलोमीटरनंतर चेन मोजली, तेव्हा तिच्या २४ कड्यांची लांबी ३०८ मि.मी.च्या आसपास भरली. नव्या चेनमध्ये ही लांबी ३०४.८ मि.मी. असते, म्हणजे चेन एक टक्क्याहून जास्त वाढली होती. इतक्या वाढलेल्या चेनने कॅसेटचे दातेही खाल्लेले असतात, त्यामुळे दोन्ही बदलणे आलेच. आता खर्च होणारच आहे तर चढणीसाठी आणखी हलका गिअर मिळवावा, असे मालकाच्या मनात आले आणि येथूनच प्रकरणाला सुरुवात झाली.

त्यांनी ११ ते ३६ दात्यांची १०-स्पीड कॅसेट घेतली आणि तिच्यासोबत १०-स्पीड चेन घेतली. जुन्या डिरेलरच्या माहितीपत्रकात सर्वांत मोठी चकती ३४ दात्यांची चालेल असे लिहिले होते. ३६ चालावी म्हणून त्यांनी १०-स्पीड माउंटन प्रकारचा नवा डिरेलरही घेतला. शिफ्टर सुस्थितीत होता, तो तसाच ठेवला. त्यामागचा विचार वरवर पाहता सरळ होता: शिफ्टर नऊचा, कॅसेट दहाची, तेव्हा फार तर एक गिअर वाया जाईल.

सगळे भाग सायकलीवर बसलेही. मागच्या चाकाच्या ९-स्पीडच्या फ्रीहबवर (कॅसेट बसते त्या खाचांच्या नळीवर) ही १०-स्पीड कॅसेट खाचेला खाच लागून गेली, डिरेलरचा बोल्ट हँगरच्या (डिरेलर टांगण्याच्या पट्टीच्या) आट्यात बिनतक्रार फिरला, चेन जुन्या चेनरिंगवरून व्यवस्थित धावली. कारण हे सांधे अनेक पिढ्यांपासून तेच आहेत. चेनच्या दोन पिनांमधले अंतर सगळीकडे १२.७ मि.मी.च असते आणि ९ व १० स्पीडच्या चेनची आतली रुंदीही सारखी असते. भाग बसला म्हणजे तो जुळला, असे मानण्याचा मोह अशा वेळी फार होतो.

काय बिघडले

पहिल्याच फेरीत लक्षात आले की गिअर धड पडत नाहीत. सर्वांत लहान चकतीवर सायकल निमूट चालत होती. पुढची क्लिक दिली की चेन तिथेच घासत राही, त्यापुढच्या क्लिकला दोन चकत्यांच्या मध्ये लटके आणि जोर दिला की खाडकन कुठेतरी जाऊन बसे. मधेच एखादा गिअर मात्र लखलखीत पडे. शिफ्टर शेवटपर्यंत दाबला तरी चेन सर्वांत मोठ्या तीन चकत्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. ज्या ३६ दात्यांसाठी हा सारा खटाटोप केला, ती चकती कोरी करकरीत राहिली होती. हाती येणारा सर्वांत हलका गिअर आता २६ ला २४ असा होता, तर बदलाआधी तो २६ ला ३२ असा होता. म्हणजे चढण सोपी करण्यासाठी केलेल्या खर्चाने ती आधीपेक्षा अवघड करून ठेवली.

पहिल्या दोन दुरुस्त्या

पहिल्या दुरुस्तीवाल्याने नेहमीच्या क्रमाने काम केले. केबल आणि तिचे आउटर (बाहेरचे आवरण) बदलले, केबलचा ताण बारीक जुळवणारा बॅरल ॲडजस्टर फिरवून ताण वाढवला. चेन मोठ्या चकतीपर्यंत जात नाही असे दिसल्यावर डिरेलर आत कुठवर जाईल ते ठरवणारा आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू सैल केला आणि केबल आणखी ओढून आवळली. यामुळे ३६ ची चकती मिळाली, पण त्या बदल्यात सर्वांत लहान तीन चकत्या गेल्या. केबल सोडली की लहान चकत्या परत येत आणि मोठ्या जात. तोकडे पांघरूण डोक्यावर ओढले की पाय उघडे पडावेत, तसा हा प्रकार होता. हे लक्षण फार महत्त्वाचे होते, परंतु त्या वेळी त्याचा अर्थ कोणी लावला नाही. शिफ्टर झिजला असावा असे म्हणून काम तेथेच थांबले.

दुसऱ्या दुरुस्तीवाल्याने हँगर तपासला. तो खरोखरच आत वाकलेला निघाला. त्याने मापपट्टी लावून हँगर सरळ केला आणि त्यानंतर गिअर थोडे बरे पडू लागले. मला वाटते, या प्रकरणात सर्वांत जास्त दिशाभूल झाली ती येथे. वाकलेला हँगर हा खरा दोष होता, तो दूर झाल्यावर खरीच सुधारणा झाली आणि त्यामुळे उरलेला बिघाडही अशाच कुठल्यातरी वाकण्या-अडकण्यातून आला असणार, अशी सर्वांची समजूत झाली. पुढचे दोन आठवडे मालक रोज बॅरल ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवत राहिले.

मोजमाप

सायकल माझ्याकडे आली तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कशालाही स्क्रूड्रायव्हर न लावता ती स्टँडवर टांगली आणि एकेक क्लिक देत चेन कुठे येते ते लिहून काढले. केबलचा ताण असा ठेवला की सुरुवातीला चेन सर्वांत लहान चकतीवर नीट बसावी. कागदावर जे उतरले ते असे: सुरुवातीला ११ ची चकती, अगदी स्वच्छ. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्लिकला गोंधळ. चौथ्या क्लिकला १७ ची चकती, पुन्हा अगदी स्वच्छ. पाचव्या, सहाव्या, सातव्या क्लिकला गोंधळ. आठव्या म्हणजे शेवटच्या क्लिकला २४ ची चकती, स्वच्छ.

झिजलेला शिफ्टर, मळलेली केबल किंवा वाकलेला हँगर असा चार-चारच्या तालात वागत नाही. दोष जेव्हा ठरावीक अंतराने येतो आणि ठरावीक अंतराने नाहीसा होतो, तेव्हा दोन पट्ट्यांवरच्या खुणा वेगवेगळ्या अंतरावर आखलेल्या आहेत असे समजावे.

मग केबल डिरेलरपासून सोडवली, तिच्यावर चिकटपट्टीची खूण केली, टोक हाताने ताणून धरले आणि सगळ्या क्लिक देऊन खूण किती सरकली ते कॅलिपरने मोजले. आठ क्लिकमध्ये सुमारे २० मि.मी., म्हणजे सरासरी क्लिकला २.५ मि.मी. शिमानोच्या ९-स्पीड शिफ्टरचे हेच माप आहे. केबल पुन्हा जोडून पिंजऱ्यातल्या वरच्या जॉकी व्हीलचे (चेन वळवणाऱ्या लहान चाकाचे) सरकणे मोजले, तर आठ क्लिकमध्ये ते सुमारे २४ मि.मी. भरले. म्हणजे केबल एक मि.मी. ओढली की हा डिरेलर साधारण १.२ मि.मी. सरकत होता.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस ७४०० या संचासोबत क्लिकने गिअर बदलण्याची पद्धत आणली. त्यापूर्वी बहुतेक सायकलींवर चालवणारा लिव्हर अंदाजाने सरकवून चेनच्या आवाजावरून जागा शोधत असे, आणि त्यामुळे कुठला भाग कुठल्या भागाशी जोडला आहे याला फारसे महत्त्व नव्हते. क्लिक आल्यावर तीन मापे एकमेकांत अडकली: एका क्लिकला शिफ्टर किती केबल ओढतो, त्या केबलच्या दर मि.मी.ला डिरेलर किती मि.मी. सरकतो (हेच त्याचे गुणोत्तर) आणि कॅसेटमधल्या दोन शेजारच्या चकत्यांच्या मध्यांत किती अंतर आहे. पहिल्या दोन मापांचा गुणाकार तिसऱ्याच्या जवळ आला पाहिजे.

मूळ सायकलीत ही पहिली दोन मापे २.५ आणि १.७ होती. गुणाकार ४.२५ मि.मी. येतो आणि ९-स्पीड कॅसेटमधले अंतर ४.३५ मि.मी. आहे. उरलेला फरक वरच्या जॉकी व्हीलला मुद्दाम ठेवलेल्या बाजूच्या हालचालीत जिरतो. शिवाय हे १.७ देखील ढोबळच आहे, कारण डिरेलरचा हलणारा चौकोनी सांगाडा कलत जातो तसे गुणोत्तर किंचित बदलते. नव्या जुळणीत मात्र २.५ गुणिले १.२ म्हणजे ३ मि.मी. आणि कॅसेटमधले अंतर ३.९५ मि.मी. प्रत्येक क्लिकला जवळजवळ एक मि.मी. कमी पडत होता. चार क्लिकमध्ये डिरेलर १२ मि.मी. जातो आणि तीन चकत्यांची वाटचाल ११.८५ मि.मी. असते, म्हणून चौथ्या क्लिकला चेन नेमकी चौथ्या चकतीखाली येते. आठ क्लिकमध्ये २४ मि.मी., सहा अंतरे ओलांडायला २३.७ मि.मी., म्हणून आठव्या क्लिकला सातवी चकती, म्हणजेच २४ दात्यांची. कागदावरचा चार-चारचा ताल येथे सुटला. दुसऱ्या क्लिकला डिरेलर ६ मि.मी.वर उभा असतो आणि चकत्या ३.९५ व ७.९ वर असतात, म्हणजे चेन बरोबर अधांतरी.

पहिल्या दुरुस्तीवाल्याच्या तोकड्या पांघरुणाचाही उलगडा झाला. दहा चकत्या ओलांडायला सुमारे ३५.५ मि.मी. लागतात आणि शिफ्टर डिरेलरला २४ मि.मी.च फिरवू शकत होता. बॅरल ॲडजस्टरने त्या २४ मि.मी.चा पट्टा पुढे-मागे सरकतो, पण त्याची लांबी वाढत नाही. सुरुवातीची जागा चुकली असेल तर ताण बदलून ती दुरुस्त होते. पावलाची लांबीच चुकली असेल तर कितीही फिरवा, एका टोकाला मिळवलेले दुसऱ्या टोकाला गमवावे लागते.

नावावरच्या आकड्याचा घोटाळा

या ठिकाणी मालकाने रास्त प्रश्न विचारला की डिरेलरवर १०-स्पीड लिहिले आहे आणि कॅसेटही १०-स्पीड आहे, मग चूक कुठे झाली? उत्तर असे की डिरेलरला चकत्या मोजता येत नाहीत. त्याला फक्त केबल कळते, आणि त्याचे गुणोत्तर स्पीडच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. शिमानोचे ७, ८, ९-स्पीडचे डिरेलर आणि रस्त्याच्या सायकलींचे १०-स्पीड डिरेलर प्रायः १.७ या एकाच कुळातले आहेत. म्हणूनच रस्त्याच्या सायकलीचे १०-स्पीड शिफ्टर आणि ९-स्पीडचा माउंटन डिरेलर ही जोडी वरवर विजोड दिसली तरी उत्तम चालते आणि मोठ्या कॅसेटसाठी अनेकांनी ती वापरली आहे: त्या शिफ्टरची ओढ २.३ मि.मी., गुणिले १.७ म्हणजे ३.९१, आणि हवे असतात ३.९५.

याउलट शिमानोने २०१० मध्ये डायना-सिस या नावाने माउंटन सायकलींसाठी १०-स्पीड आणली, तेव्हा शिफ्टरने जास्त केबल ओढावी आणि डिरेलरने त्या मानाने कमी सरकावे, अशी रचना केली. केबलमध्ये चिखल गेला किंवा ती थोडी अडखळली तर होणारी चूक डिरेलरपर्यंत पोहोचताना लहान व्हावी, हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे एकाच कंपनीचे दोन १०-स्पीड डिरेलर एकमेकांशी फटकून वागू लागले. पुढे २०१५ च्या टियाग्रा ४७०० संचात आणखी एक पदर आला: तो १०-स्पीड असूनही त्याची केबल-ओढ रस्त्याच्या ११-स्पीड कुळातली, सुमारे १.४ गुणोत्तराची आहे. स्पीडचा आकडा चेनची बाहेरची रुंदी निवडताना उपयोगी पडतो. शिफ्टर आणि डिरेलरची सोयरीक मात्र त्या आकड्यावरून जमवू नये.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय माघारीचा होता. जुना डिरेलर मालकाकडे होता, त्याची जॉकी व्हील झिजली होती इतकेच. ती बदलायची, तोच डिरेलर परत लावायचा आणि १२ ते ३६ दात्यांची ९-स्पीड कॅसेट व ९-स्पीड चेन घ्यायची. डिरेलरची कमाल चकती ३४ ची असली, तरी हँगरजवळचा, जॉकी व्हील आणि चकती यांतले अंतर ठरवणारा बी-स्क्रू आत घेऊन ३६ ची चकती बहुधा निभावते. यंत्रणेच्या दृष्टीने हा सर्वांत कमी ढवळाढवळीचा मार्ग होता. अडचण इतकीच की नवी कॅसेट आणि नवी चेन वापरून झाली होती, ती परत जाणार नव्हती.

दुसरा पर्याय उजवीकडचा शिफ्टर बदलून डायना-सिस कुळातला १०-स्पीड माउंटन शिफ्टर लावण्याचा होता. त्याची क्लिक सुमारे ३.४ मि.मी. केबल ओढते, गुणिले १.२ म्हणजे ४.०८ मि.मी. कॅसेटचे ३.९५ त्याच्या पुरेसे जवळ आहेत आणि हे तिन्ही भाग एकमेकांसाठीच घडवलेले आहेत. डावा शिफ्टर आणि पुढचा डिरेलर यांना हात लावावा लागणार नव्हता.

तिसरा, केबलच्या वाटेत लहान-मोठ्या व्यासाची जोडचाके बसवून ओढ वाढवणारे साधन लावण्याचा. अशी साधने मिळतात आणि ज्यांच्या ब्रेक-गिअरच्या एकत्रित लिव्हर महाग आहेत त्यांना ती वरदान ठरतात. येथे शिफ्टर स्वतंत्र आणि साधा होता. तो बदलण्याऐवजी केबलच्या मार्गात धूळ साठण्याची आणखी एक जागा निर्माण करणे मला पटले नाही. शिवाय त्यानंतरही दहापैकी नऊच चकत्या मिळाल्या असत्या.

चौथा पर्याय क्लिक नसलेल्या साध्या लिव्हरचा. हा मालकाला मनापासून आवडला होता, कारण दूरच्या प्रवासात काहीही मोडले तरी तो चालतो. पण येथेही गुणाकार आडवा आला. ३५.५ मि.मी. सरकण्यासाठी १.२ गुणोत्तराच्या डिरेलरला जवळजवळ ३० मि.मी. केबल लागते. जुन्या धाटणीच्या पुष्कळ लिव्हरची चकरी इतकी केबल गुंडाळतच नाही, कारण त्या १.७ च्या जमान्यातल्या आहेत. जुन्या डिरेलरसोबत तीच लिव्हर सहज पुरली असती.

केबल डिरेलरच्या बोल्टवर वेगळ्या बाजूने अडकवून गुणोत्तर बदलण्याची एक जुगाडी युक्तीही आहे. ती थोड्या फरकासाठी ठीक असते, १.२ चे जवळपास १.६ करणे तिच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून ती लगेच बाजूला ठेवली.

क्षमतेचा प्रश्न

दुसरा पर्याय जवळजवळ ठरला होता, तेव्हा मी डिरेलरची क्षमता तपासायला घेतली आणि येथे आणखी एक गाठ सापडली. लांब पिंजऱ्याचा डिरेलर ठरावीक दात्यांएवढीच सैल चेन ओढून धरू शकतो. पुढच्या मोठ्या व लहान चेनरिंगमधला फरक आणि मागच्या मोठ्या व लहान चकतीमधला फरक यांची बेरीज त्याच्या क्षमतेत बसावी लागते. मूळ जुळणीत ही बेरीज २२ अधिक २१ म्हणजे ४३ होती आणि जुन्या डिरेलरची क्षमता ४५. नव्या कॅसेटने ती २२ अधिक २५ म्हणजे ४७ झाली आणि नव्या डिरेलरची क्षमता होती ४३. डायना-सिसच्या माउंटन क्रँकला (पेडलचे दांडे आणि चेनरिंग यांच्या जोडणीला) ४८ दात्यांची चेनरिंग नसते, त्यामुळे त्या घरात ही क्षमता पुरते. प्रवासी सायकलीच्या क्रँकला ती चार दात्यांनी कमी पडते.

आता निवड करायची होती ती चेनच्या लांबीची. चेन आखूड ठेवली तर लहान-लहान जोडीत ती ताठ राहते, पण चुकून ४८ ला ३६ असा गिअर पडला तर ती पूर्ण ताणली जाऊन डिरेलर किंवा हँगर मोडू शकते. लांब ठेवली तर मोठ्या-मोठ्या जोडीत धोका नाही, पण २६ ला ११ आणि २६ ला १३ या दोन जोड्यांमध्ये ती लोंबते. लोंबणारी चेन फार तर आवाज करील. म्हणून चेन डिरेलरमधून न नेता ४८ आणि ३६ वरून गुंडाळून, त्यात दोन कडी वाढवून ती कापायची आणि त्या दोन जोड्या वापरायच्या नाहीत असे मालकाशी बोलून ठरवले. तसेही सर्वांत आतल्या चेनरिंगवरून सर्वांत बाहेरच्या चकतीवर तिरकी चेन चालवण्याचे काही कारण नसते.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

दुसरा पर्याय निवडला. पहिला पर्याय तांत्रिकदृष्ट्या जास्त शांत होता, हे मी मालकाला सांगितले होते. पण हातात आलेले दोन नवे भाग टाकून आणखी दोन घेण्यापेक्षा एकच शिफ्टर घेणे त्यांना सयुक्तिक वाटले आणि माझाही त्याला विरोध नव्हता.

नवा शिफ्टर लावण्याआधी एक गोष्ट आवर्जून केली. पहिल्या दुरुस्तीत सैल केलेला आतला लिमिट स्क्रू केबल न जोडता, डिरेलर हाताने ढकलून पुन्हा बसवला. आतापर्यंत अपुऱ्या ओढीमुळे डिरेलर त्या स्क्रूपर्यंत एरवी पोहोचतच नव्हता, त्यामुळे तो किती उघडा आहे हे कोणाला जाणवले नव्हते. पूर्ण ओढीचा शिफ्टर जोडून पहिल्याच चढणीला शेवटची क्लिक दिली असती, तर चेन ३६ ची चकती ओलांडून आऱ्यांत गेली असती. चुकीच्या निदानावर केलेली जुळवणी योग्य भाग आल्यावर कशी उलटू शकते, याचा हा नमुना आहे.

त्यानंतर बी-स्क्रूने जॉकी व्हील आणि ३६ च्या चकतीत अंतर ठेवले, हँगर पुन्हा एकदा तपासला, केबल जोडली आणि क्लिक मोजल्या. दहाच्या दहा चकत्या स्टँडवर दोन्ही दिशांनी पडल्या.

उरलेली टिकटिक

रस्त्यावर नेल्यावर मात्र एक बारीक आवाज राहिला. मधल्या ३६ च्या चेनरिंगवर पेडलच्या साधारण तीन फेऱ्यांमागे एकदा, टिक. आवाज पेडलच्या प्रत्येक फेरीला आला असता तर क्रँक किंवा पेडल पाहिले असते आणि चाकाच्या फेरीबरोबर आला असता तर कॅसेट. तीन फेऱ्यांमागे एकदा म्हणजे चेनची एक पूर्ण प्रदक्षिणा, कारण ११४ कड्यांची चेन ३६ दात्यांवरून सुमारे तीन फेऱ्यांत संपते. तेव्हा चेनमधले एखादेच कडे वेगळे असले पाहिजे.

चेन हळूहळू मागे फिरवत पाहिले, तर क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोके जोडणारे सुटे कडे, सापडली. चेनसोबत आलेली लिंक पहिल्या जोडणीत हरवली होती आणि तिच्या जागी मालकाने डबीतली जुनी ९-स्पीडची लिंक लावली होती. ९-स्पीडच्या चेनची बाहेरची रुंदी साधारण ६.६ मि.मी. असते, १०-स्पीडची ५.९ च्या आसपास. ती लिंक बोटांत धरून हलवली तर तिच्या दोन पट्ट्या कडेने डुलत होत्या आणि प्रत्येक प्रदक्षिणेत शेजारच्या चकतीला खांदा मारून जात होत्या. आवाजापेक्षाही वाईट म्हणजे अशी डुलणारी लिंक जोरात उभे राहून पेडल मारताना सुटू शकते. योग्य रुंदीची लिंक लावली आणि आवाज गेला.

परिणाम

सामानासह चढणीवर ३६ ची चकती पूर्ण भाराखाली नीट चालली. सर्वांत हलका गिअर (पुढचे दाते भागिले मागचे दाते) ०.८१ वरून ०.७२ वर आला. पहिल्या काही आठवड्यांत नवी केबल बसल्यावर ॲडजस्टर एकदाच थोडा फिरवावा लागला, त्यानंतर नाही. पुढच्या गिअरबदलात किंचित आळस आला आहे, कारण अरुंद चेनला पुढच्या जुन्या डिरेलरचा पिंजरा थोडा ऐसपैस पडतो. मालक त्याविषयी तक्रार करत नाहीत.

कुठे वेगळे करता आले असते

खरेदीपूर्वी एक प्रश्न विचारायचा राहून गेला: हवे काय आहे? हवा होता एक हलका गिअर. तो मागे चार दाते वाढवून मिळवण्याऐवजी पुढची २६ दात्यांची लहान चेनरिंग काढून २४ ची लावली असती, तर २४ ला ३२ म्हणजे ०.७५ मिळाले असते. क्षमतेची बेरीज २४ अधिक २१ म्हणजे नेमकी ४५, जुन्या डिरेलरच्या मर्यादेत. नवी कॅसेट आणि चेन ९-स्पीडचीच घेतली असती, शिफ्टर आणि मागचा डिरेलर जागेवरून हललेही नसते. यातही एक खोच आहे: प्रवासी सायकलींच्या पुढच्या डिरेलरला बहुधा २२ दात्यांपर्यंतचा फरक मानवतो आणि हा फरक २४ झाला असता, त्यामुळे लहान चेनरिंगवर असताना मागच्या लहान चकत्यांवर चेन पिंजऱ्याच्या तळाला घासली असती. ०.७२ आणि ०.७५ मधला फरक चढणीवर जाणवतो, हेही खरे. तरीही खर्च आणि मनस्ताप पाहता मी तोच मार्ग आधी सुचवला असता.

दुसरा निर्णायक क्षण पहिल्या दुरुस्तीतला होता. लहान चकत्या आणि मोठ्या चकत्या एकाच वेळी मिळत नाहीत हे दिसताच ॲडजस्टर खाली ठेवून कॅलिपर हातात घ्यायला हवा होता. मोजायला दहा मिनिटे लागतात. कॅलिपर नसला तरी चालते. शिफ्टरच्या पहिल्या क्लिकपासून शेवटच्या क्लिकपर्यंत चेन किती चकत्या ओलांडते एवढे मोजले, तरी आठ क्लिकला सहा चकत्या हे उत्तर डोळ्यांसमोर आले असते.

माझ्याकडूनही एक राहिले. शिफ्टरची निवड पक्की झाल्यावर मी क्षमतेकडे वळलो, वास्तविक ती बेरीज आधी करायला हवी होती. क्षमतेची तूट चारऐवजी आठ-दहा दात्यांची निघाली असती तर शिफ्टर मागवून झाल्यावर पुन्हा पहिल्या पर्यायाकडे यावे लागले असते. आता असे काम आले की मी कागदावर डावीकडे क्लिकची ओढ, गुणोत्तर आणि चकत्यांचे अंतर लिहितो, उजवीकडे क्षमता, कमाल चकती आणि चेनची रुंदी. खाली क्विक लिंकसाठी एक स्वतंत्र ओळ ठेवतो.